नंबर तसाच आहे

मी भायखळ्याला चष्म्याच्या दुकानात बसतो,
तेव्हा माझं मत तेवढ्यापुरतंच धरा.

गेल्या दोन वर्षांत सात-आठ गिऱ्हाइकं आली,
म्हणाली, रात्री टीव्हीवर धड काही दिसत नाही, नंबर तपासा.
तपासला. नंबर तसाच.
विचारलं, बघता काय?
सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या सिरीजचं नाव घेतलं,
जिच्यात पोलीस टॉर्च घेऊन जिना चढतात
आणि दिव्याचं बटण कुणालाच सापडत नाही.
काकू, म्हटलं, डोळे ठणठणीत आहेत तुमचे,
दिग्दर्शकाला पाठवा.

मंगळवारी तिकीट स्वस्त. मी मंगळवारी जातो,
परळच्या मॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर, एकटा, जेवून;
तिथल्या मक्याच्या लाह्यांच्या भावात
माझ्याकडे एक बरी फ्रेम येते.
मागच्या महिन्यात तो तीन तासांचा पाहिला,
नायक एका दमात चाळीस जणांना लोळवतो
आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही.
वाईट नव्हता. शिट्टीसुद्धा वाजवली एकदा,
पुढच्या रांगेतलं पोरगं वळून बघत राहिलं.
पण खलनायक मेल्यावर त्याची आई येते,
उलटी पडलेली खुर्ची सरळ करते
आणि तिच्यावर बसत नाही.
ते चार सेकंद मी भायखळ्यापर्यंत चालत आणले.

आणि तो, पहाडातला, ज्याची सगळे तारीफ करतात,
ज्यात कुणी बोलतच नाही:
मान्य, दुःखी माणसं कमी बोलतात.
पण इतकी कमी?
माझी बहीण घटस्फोटाच्या वर्षी
कोथिंबिरीच्या एका जुडीवरून
भाजीवाल्याशी पाऊण तास भांडली होती.
ते कुणी लिहीत नाही.

सिरीजचं म्हणाल, तर
आठ भागांची गोष्ट दुसऱ्यातच मिटली असती,
कुणी फोन उचलला असता तर.

आमच्या इमारतीतही शूटिंग झालं, माझगावात, चार दिवस.
गॅलरीची भिंत आम्ही गणपतीआधी वर्गणी काढून रंगवलेली, पिस्ता.
त्यांनी ती मळवली. ब्रशने, मन लावून,
ओल आलीय असं वाटेपर्यंत.
गरिबी नीट उठून दिसत नव्हती म्हणे.
तिसऱ्या मजल्यावर खरी ओल होती,
ती कॅमेऱ्यात खोटी वाटली त्यांना.
जाताना परत रंगवून दिली. पण तो पिस्ता नव्हे.

चौथा भाग, एकतिसावं मिनिट.
खुनी जिन्यातून उतरतो
आणि डाव्या कोपऱ्यात, कठड्यावर, एक हात आहे.
रेबेलो अंकल.
त्यांना सांगितलं होतं, फ्रेमच्या बाहेर व्हा.
झाले. हात राहिला.
बोटं कठड्यावर काहीतरी वाजवतायत,
खुनाशी त्यांना देणंघेणं नाही.
वर्षभरात एवढा चांगला अभिनय मी पाहिला नाही,
हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो, न विचारता.

दर रविवारी मिस्सा आटोपून अंकल माझ्याकडे येतात.
"लाव रे, माझा हात लाव."
परवा फिलोमिना आंटीही आल्या मागोमाग.
चष्मा पुसला (बायफोकल, मीच बनवलेला),
वाकून पाहिलं, म्हणाल्या,
"हा तुमचा नाय. अंगठी कुठाय?"

अंकल काही बोलले नाहीत.
चित्र थांबवलेलं. पंखा चालू.
अंगठीच्या जागी बोटावर एक फिकट रेघ,
मला दिसत होती,
आणि आंटींना दिसत नसेल असं म्हणायला
मला तोंड नाही, डोळे मीच तपासलेत.

"अंधार आहे आंटी," मी म्हटलं,
"हल्ली सगळं अंधारातच काढतात."

आंटींनी माझ्या हातातून रिमोट घेतला
आणि दहा सेकंद मागे नेलं.